आधी फ्रिज, मग पातेलं

घरी बिअर बनवायला चाळीस लिटरचं स्टीलचं पातेलं आत्ता घेऊ नकोस. घरच्या शेगडीवर ते धड उकळणारही नाही. केग, म्हणजे बिअर साठवायची धातूची टाकी, तीही नंतर बघू. बाटल्या धुवायचा कंटाळा येतो खरा, पण बाटल्यांत भरल्याने बिअर बिघडत नाही. तापमानाने बिघडते. यीस्ट कामाला लागलं की स्वतःच उष्णता सोडतं. खोली 22 अंशांवर असली तरी आंबवायच्या बादलीतलं मिश्रण 25-26 वर जातं आणि एलला (लागरपेक्षा जरा उबदार तापमानात आंबवतात त्या बिअरला) थिनरसारखा उग्र वास मारतो. म्हणून जुना सेकंडहँड फ्रिज आणि साधा थर्मोस्टॅट कंट्रोलर (सेन्सरने तापमान बघून फ्रिज चालू-बंद करणारं यंत्र) घे आणि बादली फ्रिजमध्ये ठेव. सेन्सर हवेत लटकवू नकोस, नाहीतर दार उघडलं की कॉम्प्रेसर उगाच सुरू होतो. बादलीला बाहेरून चिकटव, वर फोमचा तुकडा लाव. पहिले तीन-चार दिवस मिश्रण 18-19 अंशांवर राख. पुढे थोडं चढलं तरी चालतं.