ती ‘सोलापूरच’ म्हणते

ताई, नमस्कार.

माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, सीईटीला, ९३ पर्सेंटाइल आले. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. ओबीसीचं सर्टिफिकेट, व्हॅलिडिटी सगळं आहे. पुण्याला माझे दीर असतात. ते म्हणतात, एवढ्यावर पुण्यात कंप्युटर मिळतंय, सोलापुरात कशाला ठेवता? आम्हालाही तेच वाटतं. मुलगीसुद्धा दहावीपासून पुणे-पुणे करायची. पण रिझल्ट लागून आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हापासून एकच धोशा, ‘मला सोलापूरच बरं.’ कारण विचारलं तर ‘असंच’ म्हणते. परवा ऑप्शन फॉर्मवरून, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्यावरून, भांडण झालं, मी बोलून गेले, ती जेवली नाही. मला वेगळीच शंका आली म्हणून तिचा मोबाईल बघितला, तसं काही सापडलं नाही. रजिस्ट्रेशनला यांचा नंबर आहे, ओटीपी यांच्याकडे जातो आणि मागांच्या आवाजात यांना फोन ऐकू येत नाही. म्हणून मी नेटकॅफेतून यादी करून आणलीय, पुण्याची कॉलेजं वर, सोलापूर शेवटी. मुदत तीन दिवसांची आहे. तिला न सांगता भरून टाकू का? पैशाचं आम्ही तिला काहीच कळू देत नाही. पाटल्या मोडायचं ठरलंय, पण ते आमचं आमच्यात. घर दोन खोल्यांचं असलं तरी अभ्यासाला तिला आतली खोली दिलीय. नातेवाईक सारखे विचारतात, त्यांना काय सांगू तेही कळत नाही.

एक आई, सोलापूर

•

न सांगता भरू नका. मुदत तीन दिवसांची आहे म्हणून हे आधी लिहिलं, बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या पत्रात शंका एका ठिकाणी आहे आणि उत्तर दुसऱ्या ठिकाणी, बहुतेक तुमच्याच हातून लिहून गेलंय. दोन खोल्यांच्या घरात पाटल्या मोडायचं बोलणं ‘आमचं आमच्यात’ राहतं, असं तुम्हाला खरंच वाटतं? आतल्या खोलीत बारावीची पोरगी जागी असते. बाहेर भांडं ठेवलं तरी तिला कळतं कुठलं ते. आता आठवून बघा, पाटल्यांचं बोलणं आधी झालं की तिचं ‘सोलापूरच बरं’ आधी? मी पैज लावणार नाही, पण पाटल्यांचं आधी झालं असेल तर मोबाईलमध्ये काही सापडण्याचं कारणच नव्हतं.

आपल्याकडच्या आईबापांना वाटतं, पैशाचा विषय मुलांपासून लांब ठेवला की मुलं निर्धास्त राहतात. होतं उलटंच. आकडा माहीत नसला की पोर तो मनानं धरतं, आणि मनानं धरलेला आकडा खऱ्यापेक्षा मोठाच असतो. वर तुम्ही ‘तू पैशाची काळजी करू नकोस’ म्हणता ते अशा चेहऱ्यानं की तिला तेवढीच काळजी पुरते. मग ती तिच्या परीनं सगळ्यात स्वस्त गोष्ट मागते, आणि तुम्हाला वाटतं पोरीची हिंमत गेली.

तेव्हा आज रात्री मिस्टरांची पाळी सुटली की तिघं एकत्र बसा. एक वही घ्या. पगार किती, शिलाईचे किती, भिशी कधी लागते, कुणाचं देणं आहे का, सगळं तिच्यासमोर लिहा. तिलाच लिहायला लावलंत तर उत्तम. आणि पाटल्यांचंही तोंडानं सांगून टाका, तिनं ते भिंतीआडून ऐकलेलं असणं जास्त वाईट.

वहीच्या पुढच्या पानावर खर्च. इथं तुम्हाला एक गोष्ट कुणी नीट सांगितलेली दिसत नाही, दिरांनी तर नाहीच. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना इंजिनीअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी फेऱ्यांतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही, खासगी किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तरी नाही. दिरांनी सुचवलेल्यांत एखादं खासगी विद्यापीठ असेल तर तिथं पूर्ण फी तुमच्या अंगावर येईल. नावात ‘युनिव्हर्सिटी’ दिसलं की आधी हे विचारा. माफीचा अर्ज प्रवेशानंतर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा आणि दरवर्षी नव्यानं करायचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमी लेअर दोन्ही हाताशी ठेवा. नॉन क्रिमी लेअरवरची मुदत आजच बघा, कारण ते ३१ मार्चला संपतं आणि दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात गर्दी नेमकी याच दिवसांत असते.

म्हणजे मोठा आकडा बऱ्यापैकी पुसला जातो. उरतं काय? कॉलेजची बाकीची शुल्कं, आणि पुणे असेल तर राहणं, मेस, येणंजाणं. हा खर्च मात्र खरा आहे, आणि पुण्यात तो सोलापूरच्या हिशेबानं चालत नाही. तो अंदाजानं लिहू नका. ज्या दोन-तीन कॉलेजांचा विचार आहे त्यांच्या होस्टेलला फोन करा. मुलींच्या होस्टेलला जागा किती, पहिल्या वर्षाला मिळते का, मेस सक्तीची आहे का, डिपॉझिट किती, हे विचारा. फोन मुलीनंच करावा, तिला चार वर्षं तिथं काढायचीत. पाटल्या मोडण्याआधी बँकेतही एकदा जाऊन या. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, आईवडील सहकर्जदार असतात आणि हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होतात. कर्ज घ्याच असं माझं म्हणणं नाही. पण सोनं मोडणं हा एकच रस्ता असल्यासारखं घरात बोललं गेलंय, म्हणून सांगितलं.

आता यादी. नेटकॅफेवाल्यानं ती कशी केली असेल हे मला न बघता सांगता येतं. गेल्या वर्षीचे कट-ऑफ घेतले, वरून खाली लावले, झालं. तशी यादी म्हणजे गेल्या वर्षी दुसऱ्यांच्या मुलांना काय हवं होतं त्याची यादी. यादी लागते ती आपल्या आवडीच्या क्रमानं. वरचं कॉलेज आवाक्याबाहेरचं असलं तरी ते वर टाकल्यानं खालचं हातचं जात नाही. जागा मेरिटनं मिळतात, तुम्ही कुणाला कितव्या नंबरावर ठेवलं त्यावरून कॉलेज रुसत नाही. म्हणून भीतीनं काही वर-खाली करू नका. पर्याय तीनशेपर्यंत भरता येतात, पण घालायची फक्त तीच कॉलेजं जिथं मिळालं तर ती खरोखर जाईल.

आणि क्रमाला वजन आहे हे २०२५ च्या प्रवेशात चांगलंच दिसलं. तेव्हाचा नियम असा होता, पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला, तसंच. पक्का झालेला घेतला नाही तर पुढच्या कॅप फेऱ्यांत नाव नाही. यंदाची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या साइटवर आहे, त्यातलं हे पान तिघांनी मिळून वाचा. आता विचार करा, तुम्ही गुपचूप पुण्याचं एखादं कॉलेज पहिलं टाकलंत आणि तेच मिळालं, तर? ती ‘नाही’ म्हणाली की पुढच्या फेऱ्या बंद. ‘हो’ म्हणाली तर चार वर्षं, एखादा विषय राहून केटी लागली की दर वेळी ऐकवेल, ‘मला कुठं विचारलं होतंत!’ आणि तिचं चुकलेलं नसेल.

एक बारकी गोष्ट, पण सोलापूरकरांनी लक्षात ठेवावी अशी. यादीत वालचंद दोन आहेत. अशोक चौकातलं आपलं वालचंद इन्स्टिट्यूट १९८३ चं, आणि वालचंद कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग सांगलीचं, १९४७ चं. घाईत दुसरंच क्लिक होतं. नाव वाचून टिक करू नका, कोड वाचा. कॉलेजचा कोड, ब्रँचचा कोड, दोन्ही.

ओटीपीचा प्रश्न सोपा आहे. कन्फर्म करायच्या वेळी मिस्टर घरी असतील अशी वेळ ठरवा, किंवा त्यांचा फोन त्या दिवशी तिच्या हातात द्या. शेवटच्या दिवसाची संध्याकाळ धरू नका, साइट तेव्हा हमखास रडते.

जमलं तर तीनपैकी एक दिवस पुण्याला द्या. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन रात्री घरी येता येतं. दिरांकडे जेवायला थांबलात तर दिवस तिथंच जाईल, म्हणून त्यांना संध्याकाळी स्टेशनवर भेटा. तिला दोन कॉलेजं दाखवा, होस्टेलच्या मेसमध्ये जेवा, गेटवर उभ्या असलेल्या सोलापूर-बार्शी-पंढरपूरच्या एखाद्या मुलीला गाठून तिच्याशी बोलू द्या. तशी मुलगी सापडतेच. त्या वेळी तुम्ही चार पावलं लांब राहा.

हे सगळं करूनही ती ‘सोलापूरच’ म्हणाली तर?

तर ते ऐका. पैसे बाजूला ठेवूनही कुणाला घराजवळ राहून शिकावंसं वाटू शकतं. रात्री आपल्या ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असावी असं वाटण्यात हिंमत कमी असल्याची काही खूण नाही. आपल्या वालचंदमधून शिकून पोरं पुण्यात नोकरीला जातात, रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्यांना जी गर्दी असते ती कुणाची असते? आणि कंप्युटरचंही तिला विचारा. तुमच्या पत्रात ‘पुणे’ पाच-सहा वेळा आलंय, ‘कंप्युटर’ दिरांच्या तोंडून एकदा, पण तिला कुठला विषय आवडतो ते एका ओळीतही नाही. कदाचित तिला इलेक्ट्रॉनिक्स हवं असेल. कदाचित इंजिनीअरिंगच नको असेल, तेही याच तीन दिवसांत कळलेलं बरं.

फक्त एक करा. तिला स्वच्छ शब्दांत सांगा, ‘पैशासाठी म्हणत असशील तर ते आमचं काम आहे, हा बघ हिशेब. दुसऱ्या कशासाठी म्हणत असशील तर आमची ना नाही.’ मग गप्प बसा. उत्तर त्या रात्री येणार नाही, दुसऱ्या दिवशी भांडी घासताना येईल. तेव्हा हातातलं काम सोडून तोंडाकडे बघत बसू नका, काम चालू ठेवा आणि ऐका.

मोबाईल तपासलात ते तिला कळलेलं असणार, या वयाच्या मुलांना कळतं. ती काढेपर्यंत वाट बघू नका, तुम्हीच सांगा की बघितला आणि पुन्हा बघणार नाही. आणि मग खरंच बघू नका.

एक वेळ जेवली नाही याचं फार मनावर घेऊ नका, रागात आपणही जेवत नाही. पण झोप उडाली, मैत्रिणींशी बोलणं बंद झालं, ‘माझ्यामुळं सगळ्यांना त्रास’ अशी भाषा कानावर आली, तर फॉर्म-बिर्म बाजूला ठेवा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिच्याआधी तुम्ही स्वतः लावलात तरी चालतो. ९३ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या साधारण ९३ जणांच्या पुढे, पण त्याला ९३ टक्के समजून ‘सात कुठं गेले?’ विचारणारे शेजारी सगळ्यांनाच असतात. तिला ते रोज ऐकू येतंय, हेही धरून चाला.

नातेवाइकांना काय सांगायचं ते तिला विचारून ठरवा. ‘फॉर्म भरलाय, फेरी लागली की कळवतो’ एवढं पुष्कळ आहे. दिरांचा फोन मिस्टरांनी घ्यावा. त्यांनी पुन्हा पुण्याचं काढलं तर होस्टेल लागेपर्यंत महिना-दोन महिने पोरीला तुमच्याकडे ठेवाल का, एवढं विचारा. हो म्हणाले तर वहीतल्या खर्चातून तेवढे महिने वजा करा, नाही म्हणाले तरी हिशेबाला उपयोगीच आहे.