रोमानियात लोक तिथल्या कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूसाठी एवढ्या टाळ्या वाजवायचे, मग ते खरंच त्याला मानायचे का?

काही मानत असतील, १९६८ ला त्याने चेकोस्लोव्हाकियावरच्या रशियन आक्रमणाला उघड विरोध केला तेव्हा तर खूप जण खूश होते. पण ८० च्या दशकात ब्रेड-तेल रेशनवर, हिवाळ्यात घरं गार, टाइपरायटरची सुद्धा पोलिसांकडे नोंद आणि शेजारी सेक्युरिताते म्हणजे गुप्त पोलिसांचा खबऱ्या असेल ही धास्ती, अशात टाळ्या न वाजवून माणूस जाणार कुठे? कारखान्यातून सभेला आणून उभं करायचे हो लोकांना. २१ डिसेंबर १९८९ च्या त्याच्या सभेचा व्हिडिओ बघाच, गर्दीतून आरडाओरडा सुरू होतो, तो हात वर करून गप्प करायला बघतो, चेहरा एकदम गोंधळलेला. दुसऱ्याच दिवशी हेलिकॉप्टरने पळाला, २५ ला त्याला गोळ्या घातल्या.