‘जमेल तसं द्या’ म्हटलं, आता वसुली कशी करायची?

प्रश्न : वकीलसाहेब, अक्कलकोट रस्त्याला राहत्या घराच्या तळमजल्यावर मी सहा वर्षं पाळणाघर आणि बालवाडी चालवते. अडतीस मुलं आहेत. दिवसभराची फी महिना २,२०० रुपये. पाच घरांना तोंडी सवलत दिलेली आहे. त्यातल्या एका मुलाची आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. गेल्या सप्टेंबरात माग बंद पडले तेव्हा मी त्यांना म्हणाले, ‘जमेल तसं द्या.’ मार्चपर्यंत सात महिने त्यांनी हजार-हजार दिले, मी पावत्या दिल्या. एप्रिल-मे काहीच नाही. जूनमध्ये मूल शाळेत घातलं. माझ्या हिशोबानं १२,८०० रुपये येणं आहे. ते म्हणतात, तुम्हीच सोडले होते. मुलाचा मूळ जन्मदाखला माझ्याकडे आहे, पैसे आणा मग देते असं सांगितलंय. त्यात आमच्या मदतनीस बाईंनी चुकून फीच्या वहीचं पान पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. बँकेत नोकरीला असलेले एक पालक आता अकरा महिन्यांचा फरक म्हणून १३,२०० रुपये परत मागतात, नाहीतर ग्राहक मंचात जाईन म्हणतात. शिवाय ओळखीचे एक टॉवेल कारखानदार आहेत, साठ-सत्तर कामगारांचा कारखाना. त्यांच्याकडच्या दहा बायकांच्या मुलांसाठी महिना पंधरा हजार द्यायला तयार आहेत, पण देणगीवर आयकरात सूट मिळावी म्हणून ८०जी ची पावती मागतात. सवलतीचे नियम एकदाचे लिहून काढायचेत. कसे लिहू?

उत्तर : ताई, नियमांचं नंतर बघू. तो जन्मदाखला आधी परत करा, आजच, आणि मिळाल्याची सही घ्या. येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवायचा हक्क कायद्यानं फार थोड्यांना दिलाय. घड्याळ दुरुस्त करणारा मजुरी मिळेपर्यंत घड्याळ ठेवून घेऊ शकतो, कारण त्यानं त्या घड्याळावर मेहनत घेतलेली असते. जन्मदाखल्यावर तुम्ही कसली मेहनत घेतलीत? आम्हा वकिलांनासुद्धा फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली एका वकिलाच्याच प्रकरणात ते सांगून टाकलंय (माझ्या काही ज्येष्ठ मित्रांना ते अजून पटलेलं नाही, ते सोडा). आणि हेही आत्ताच सांगून ठेवतो : फी कितीही थकली असो, संध्याकाळी मूल आईच्या हातात द्यायला पाच मिनिटंसुद्धा लावायची नाहीत. तिथं पैशाचं भांडण फौजदारी होतं.

आता १२,८०० चं. हा आकडा मनातून काढून टाका.

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधलं कलम ६३ तुमच्या आड येतं. ज्याचं येणं आहे तो ते सगळं किंवा थोडं सोडून देऊ शकतो, मुदत वाढवून देऊ शकतो, किंवा ठरल्यापेक्षा कमी घेऊन हिशोब मिटवू शकतो, असं ते कलम म्हणतं. समोरच्यानं त्या बदल्यात काही द्यायची गरज नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय : एकाकडून दुसऱ्याला ५,००० येणं आहे, त्यानं २,००० दिले, दुसऱ्यानं ते पूर्ण फेड म्हणून घेतले, तर देणं संपलं. उरलेले ३,००० नंतर मागता येत नाहीत.

‘जमेल तसं द्या’ याचे अर्थ दोन निघतात. एक, ‘जमेल तेवढंच द्या, बाकीचं सोडलं.’ दुसरा, ‘आत्ता जमेल तेवढं द्या, बाकीचं मागाहून द्या.’ पहिली सूट, दुसरी मुदत. तुमच्या मनात दुसरा अर्थ असेलही. पण न्यायाधीश मनात बघत नाहीत, पावतीत बघतात. तुम्ही पाठवलेल्या पावतीच्या फोटोत ‘ऑक्टोबरची फी रु. १,००० मिळाली’ एवढंच आहे. ‘पैकी’ नाही, ‘बाकी १,२००’ नाही. अशा ओळीनं सात पावत्या. त्या सात महिन्यांचे ८,४०० रुपये तुम्ही सोडले, असंच कोणीही वाचेल.

एप्रिल-मेचं तसं नाही. त्या महिन्यांत तुम्ही काही घेतलंच नाही, त्यामुळे फी सोडली असं म्हणता येत नाही. दर मात्र वादाचा. तुम्ही २,२०० नं धराल, ते हजारानं. माझा सल्ला, हजारानं धरून २,००० मागा. सात महिने जो दर घेतलात तो एकाएकी बदलला हे दाखवणारा कागद तुमच्याकडे नाही. दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे, पण दोन हजारांसाठी दिवाणी दावा लावणारा वकील भेटला तर त्याच्यापासून जरा जपून राहा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व (म्हणजे दावा लावण्याआधीचा) अर्ज द्या, प्रकरण लोकअदालतीत ठेवतात. खर्च नाही. बाई म्हणून, उत्पन्न कितीही असलं तरी, तुम्हाला मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. शंभर-दोनशेच्या हप्त्यांनी तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का. आणि ते आलेच नाहीत, तर मी तुमच्या जागी असतो तर वही बंद केली असती.

बँकवाल्या गृहस्थांना तुम्ही एक पैसाही देणं लागत नाही. जी फी ठरली ती त्यांनी दिली, जी सेवा ठरली ती त्यांच्या मुलाला मिळाली. शेजाऱ्याला कमी घेतले म्हणून मलाही परत करा, असा हक्क खाजगी व्यवहारात नाही. पण त्यांची धमकी हसण्यावारीही नेऊ नका. ते ज्याला मंच म्हणतात तो आता जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. रागावलेल्या माणसाला तेवढं पुरतं. तुमच्या माहितीपत्रकावर ‘सर्वांना एकच फी, घासाघीस नाही’ अशी ओळ छापलीय, तेवढा एकच धागा त्यांच्या हाताला लागू शकतो. किमतीबद्दल दिशाभूल करणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. पैसे परत मिळण्याइतकं बळ त्यात मला दिसत नाही, पण ती ओळ आता खोटी आहे, पत्रकातून काढाच. त्यांना दोन ओळींचं लेखी उत्तर द्या : आपली फी प्रवेशाच्या वेळी ठरल्याप्रमाणे आहे, आर्थिक अडचणीतल्या कुटुंबांना अर्जावरून सवलत दिली जाते, आपल्यालाही अर्ज करता येईल. शेवटचं वाक्य टोमणा म्हणून लिहू नका. खरोखरच अर्ज आला तर तोही त्याच मापानं तपासा.

पण ती वही ग्रुपवर गेली, याची झळ त्यांच्यापेक्षा त्या पाच घरांना जास्त बसलीय. कोण किती कमी देतं हे सगळ्या गल्लीला कळलं. पान काढून टाकलं असेलच. पाचही आयांना स्वतः भेटून चूक कबूल करा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय आणि मुलांच्या माहितीबद्दल तो जास्तच कडक आहे. पुढे फीची वही ग्रुप चालवणाऱ्या माणसाच्या हातात नको.

टॉवेल कारखानदारांचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं, कारण ते ज्याला दान म्हणतात ते बहुधा त्यांचं कर्तव्य आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची, हे २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात आलं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा ५० चाच. पाळणाघर स्वतःचं असलं पाहिजे असं नाही, सामायिक चालतं; आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावं लागतं. म्हणजे साठ-सत्तर कामगारांचा मालक तुम्हाला पंधरा हजार देतो तेव्हा तो पुण्य कमावत नाही, स्वतःची जबाबदारी तुमच्या तळमजल्यावर पार पाडतो. यात वाईट काही नाही. उलट तुमची बाजू वर येते, हात पसरायला नको, करार करायचा.

८०जी ची पावती तुम्ही देऊच शकत नाही. ती आयकर खात्याची तशी मान्यता असलेल्या न्यासाला किंवा संस्थेला देता येते. तुमचं पाळणाघर तुमच्या एकटीच्या मालकीचा व्यवसाय आहे. ‘नुसता शिक्का मारा’ म्हणाले तरी मारू नका. त्यांना म्हणावं, मी दर महिन्याला बिल देते, ते धंद्याचा खर्च म्हणून दाखवा, तुमच्या सीएला विचारा. करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. दहा मुलांचे प्रत्येकी १,५०० कारखाना देणार आणि ७०० आई, असं असेल तर ते तसंच लिहा, आणि ७०० थकले तर मागायचे कोणाकडे तेही लिहा. बाईनं नोकरी सोडली किंवा मालकानं काढलं तर मुलाची जागा निदान पुढचा एक महिना त्याच दरानं राहील, हे कलम अडून घाला. मालक-कामगाराच्या भांडणात तीन वर्षांचं पोर रस्त्यावर येता कामा नये. अंतरही मोजून घ्या. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पाळणाघर कामाच्या ठिकाणी किंवा ५०० मीटरच्या आत असावं असं म्हटलंय. आणि हे पंधरा हजार ते बायकांच्याच पगारातून कापत नाहीत ना, हे त्या बायकांनाच विचारा.

फोनवर तुम्ही पालकांकडून वर्गणी काढून ‘मदत निधी’ करायचं म्हणत होता. नको. नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. आपली गणेश मंडळं दरवर्षी धर्मादाय कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी काढतात, तीच. त्या पैशाचा हिशोब वेगळा, आणि त्यातून एका महिन्याचं वीजबिल भरलंत तरी विश्वासघाताचा आरोप होऊ शकतो. पंचवीस टक्के आरक्षणाचीही भीती कोणीतरी घातलीय तुम्हाला. शिक्षण हक्क कायद्यातली ती तरतूद प्राथमिक शिक्षण देणाऱ्या शाळांना आहे, नुसत्या पाळणाघर-बालवाडीला नाही.

आता नियम. पहिली गोष्ट, सवलत मागणाऱ्या सगळ्यांना सवलत नको असते. यंत्रमागावर पगार आठवड्याला होतो, आणि विडीचे पैसेही माल दिला तसे येतात. महिन्याच्या पाच तारखेला एकदम २,२०० काढणं त्या घराला जड, पण आठवड्याला ५५० कदाचित नाही. आधी तो पर्याय ठेवा. तरीही भागत नसेल तर सवलत, आणि तिचा आकडा आधी ठरवा. पाच घरांना १,२०० ची सूट म्हणजे महिना ६,००० रुपये. तुमची पूर्ण जमा अडतीस मुलांची ८३,६०० धरली तर सात टक्के. भाडं नाही म्हणून तुम्हाला ते झेपत असेल, पण सहावं घर आलं तर? ‘एका वेळी पाच जागा, नंतर प्रतीक्षा यादी’ असं लिहिलंत की नाही म्हणताना तुमचा जीव तुटणार नाही.

निकष कमाईचा ठेवा. आपल्या समाजाची, आपल्या गावची, असला निकष कागदावरही नको आणि मनातही नको. पुरावा म्हणून नुसत्या केशरी कार्डावर जाऊ नका, त्याची एक लाखाची उत्पन्नमर्यादा १९९९ ची आहे. विडी कामगाराचं ओळखपत्र, मजुरीची चिठ्ठी, काम बंद असल्याचं पत्र, जे असेल ते बघा, वहीत ‘पाहिलं’ म्हणून नोंद करा आणि परत द्या. झेरॉक्सचा गठ्ठा साठवू नका, आधारचा हट्ट धरू नका.

सवलतीच्या पत्राचा मजकूर मी असा लिहीन : ‘आपल्या अर्जावरून जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांसाठी मासिक फी रु. २,२०० ऐवजी रु. १,००० घेतली जाईल. ही सवलत त्या महिन्याची फी दहा तारखेपर्यंत भरल्यास त्या महिन्यापुरती लागू राहील. न भरल्यास त्या महिन्याची पूर्ण फी देय होईल. मुदत संपल्यावर सवलत आपोआप संपेल. पुढे हवी असल्यास नवा अर्ज करावा. घेतलेल्या सवलतीची रक्कम नंतर मागितली जाणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. सोडलेले पैसे पुन्हा मागायचे नाहीत, हे तुम्हालाही बांधून ठेवतं. ‘एक हप्ता चुकला तर मागच्या सगळ्या महिन्यांची सूट परत’ असलं कलम काहीजण घालतात. त्याला दंडाचा वास येतो, आणि करार अधिनियमाच्याच कलम ७४ खाली न्यायालय वाजवी असेल तेवढंच देतं. घालू नका.

तुमच्याकडे निम्म्या आया घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. मराठी कागदावर घेतलेला अंगठा उद्या ‘मला वाचता येत नव्हतं’ म्हटलं की लटपटतो. मजकूर त्यांच्या भाषेत समजावून सांगा, आणि ज्यानं सांगितलं त्याची ‘वाचून दाखवलं, समजलं म्हणाल्या’ अशी सही घ्या.

एखादे पालक म्हणतील, ताई, हजारच घ्या पण पावती २,२०० ची द्या, ऑफिसातून मिळतात. अजिबात नाही. ती फसवणूक आहे, आणि तीत तुमची सही असेल. बालवाडीची शिकवणी फी आणि सांभाळायचे पैसे पावतीवर वेगळे दाखवा, कारण जुन्या करपद्धतीत असलेल्या पालकांना वजावट मिळते ती शिकवणी फीची. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, तेव्हा जीएसटी नोंदणीची काळजी सध्या नको.

पावतीपुस्तक नवं छापायला टाकाल तेव्हा ठरलेली फी, सवलत, मिळाले, बाकी असे चार रकाने करून घ्या. सवलतीच्या महिन्यात ‘बाकी’ खाली शून्य लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. कारखानदारांचा करारनामा सही करण्याआधी घेऊन या, आणि येताना ते साठ-सत्तर कामगार नक्की किती आहेत ते विचारून या.