ॲस्ट्रोफोटोग्राफीसाठी फुल फ्रेम सेन्सरच घ्यावा का?

नाही. 400 एमएम फोकल लेंथच्या दुर्बिणीवर नेब्युला, म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे ढग, काढायचेत म्हणताय, तर फुल फ्रेमच्या, म्हणजे 36 बाय 24 मिमीच्या मोठ्या सेन्सरच्या नादाला लागूच नका.

प्रश्न वाचला आणि आमचे दाजीच आठवले. साताऱ्यात लग्नाचे फोटो काढतात, हात चांगलाय त्यांचा, पण सेन्सर मोठा म्हणजे फोटो भारी हे डोक्यात पक्कं बसलंय. मी आयएमएक्स 533 या लहान सेन्सरचा कूल्ड, म्हणजे सेन्सर थंड ठेवणारा कॅमेरा घेतला तर सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं पैसं घालून नखाएवढा सेन्सर आणलास व्हय?"

मग फेब्रुवारीत दोघं चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. वारं एवढं होतं की ट्रायपॉडचे पाय आखूड करून गाडीच्या आडोशाला लावला. दुर्बीण तीच, ती ताऱ्यांमागं फिरवणारा माउंट तोच, आधी त्यांचा फुल फ्रेम लावला मग माझा, टार्गेट रोझेट नेब्युला. त्यांच्या फोटोत रोझेट मधोमध बारकासा, कोपरे काळवंडलेले आणि तिथले तारे लांबट, कारण त्या दुर्बिणीला एवढा मोठा सेन्सर कोपऱ्यापर्यंत नीट भरताच येत नाही. लाल रंग तर नावाला. नेब्युलातल्या हायड्रोजनचा लाल उजेड 656 नॅनोमीटरचा आणि साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढं जो फिल्टर असतो तो नेमका तोच बराचसा अडवतो, मग सेन्सर मोठा असून करायचं काय? माझ्या कॅमेऱ्यात सेन्सर -10 अंशाला थंड, रोझेट जवळपास फ्रेमभर, आणि बऱ्याच फ्रेम एकावर एक रचून स्टॅक केल्यावर धुळीच्या काळ्या रेघासुद्धा सुट्या दिसायला लागल्या. दाजी म्हणाले, प्रोसेसिंगची कमाल आहे. म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांची एकेक कच्ची फ्रेम त्यांना पाठवली, हात न लावलेली. लाल माझ्याच फ्रेममध्ये आहे, प्रोसेसिंग आलं कुठून?

सेन्सर दुर्बीण बघून घ्यायचा. पिक्सेलचे मायक्रॉन गुणिले 206 भागिले फोकल लेंथ करा, 3.76 च्या पिक्सेलला तुमच्या 400 वर पिक्सेलमागं साधारण 1.9 आर्कसेकंद (अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) येतात, आपल्याकडच्या थरथरत्या हवेला एवढं बास. 533 ला ॲम्प ग्लो, म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या सर्किटमुळं फोटोच्या कडेला येणारी चमक, पण नाही. बजेट वाढत असेल तर आयएमएक्स 571 बघा, पिक्सेल तेवढाच, सेन्सर एपीएस-सी, म्हणजे 533 पेक्षा मोठा पण फुल फ्रेमपेक्षा लहान. आणि कलरच घ्या, मोनोला, म्हणजे कृष्णधवल सेन्सरला, रंगांचे फिल्टर आणि ते बदलणाऱ्या फिल्टर व्हीलचा खर्च वेगळा पडतो.

हां, नुसती आकाशगंगा वाइड लेन्सने काढायची असेल तर फुल फ्रेम चांगलाच. घरात जुना डीएसएलआर पडून असेल तर जाणकाराकडून आतला लाल अडवणारा फिल्टर बदलून घ्या, स्वस्तात काम होतं. गुरू-शनीचं गणित मात्र वेगळं, तिथं कूलिंग लागत नाही, लहान पिक्सेलचा आयएमएक्स 585 आणि लांब फोकल लेंथ बघा.