तीन वर्षं काढायची, पण कुणाच्या ऑफिसात?

पत्र : माझी मुलगी गेल्या वर्षी वकील झाली. कराडला एका नावाजलेल्या फौजदारी वकिलांकडे ज्युनिअर आहे. सकाळी नऊला जाते, रात्री दहाला येते. चौदा महिन्यांत हातात आले ते दिवाळीचे पाच हजार. कलम चुकलं की सिनिअर पक्षकारांसमोर म्हणतात, ‘तुला सनद कुणी दिली?’ रविवारी संध्याकाळ झाली की ती बोलेनाशी होते. रात्री तीनला उठून तारखांची डायरी तपासते. तिला जज व्हायचंय. घरी बसून अभ्यास करेल असं ठरलं होतं, तर आता तीन वर्षं वकिलीची अट आली. ऑफिस सोडलं तर अनुभवाचा दाखला कोण देणार, ही तिची भीती. सहन कर म्हणू की सोड म्हणू? तिला न सांगता लिहितोय.
– एक वडील, कराड तालुका

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली तीन वाजताच्या डायरीची ओळ मी दोनदा वाचली. त्यामुळे परीक्षेचं नंतर बोलू, आधी झोपेचं.

तारीख हुकण्याची धास्ती प्रत्येक नव्या वकिलाला असते, आणि ती थोडी असावीही. ‘से’ (समोरच्याच्या अर्जावर आपलं लेखी म्हणणं) द्यायचा राहिला, पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) दाखल झाली नाही, तर नुकसान पक्षकाराचं होतं. माझ्या पहिल्या वर्षी स्वप्नात शिपाई पुकारा करायचा आणि माझ्या हातात भलत्याच केसची फाईल असायची. पण सकाळी कोर्टात जाऊन बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघितला की ते उतरायचं. तुमच्या मुलीचं उतरत नाहीये. झोप सतत मोडतेय, बोलणं बंद होतंय, तर तिला डॉक्टरांना दाखवा. सुरुवात फोनवरून करायची असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेल्याने सनदेवर डाग पडत नाही, हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. बार रूममध्ये पित्ताच्या गोळ्यांची देवाणघेवाण उघड चालते, झोप लागत नाही हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही.

आता कलमं चुकण्याबद्दल, कारण तिथे मुलीवर जरा अन्याय होतोय. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलला. पण त्या तारखेआधी घडलेला गुन्हा जुन्या दंड संहितेखालीच चालतो. म्हणजे एकाच दिवशीच्या बोर्डावर एका खुनाला ३०२ आणि दुसऱ्याला १०३. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. सगळ्यात वाईट ४८२. जुन्या प्रक्रिया संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं कलम होतं, गुन्हा रद्द करून घ्यायला त्याच्याखाली अर्ज जायचे. नव्या प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ खाली मागायचे, आणि ते जुनं ४८२ झालं ५२८. तीस वर्षं कलमं तोंडपाठ असलेले वकीलसुद्धा इथे अडखळतात. माझा अंदाज असा, की तिच्यावर निघणारा राग थोडा त्या अडखळण्याचाही आहे. याचा अर्थ तिने तो झेलावा असा नाही. उलट नवं पुस्तक कोरं असताना शिकणारी ती पहिली पिढी आहे, आणि बाहेरच्या ऑफिसांना आज नेमकी अशीच माणसं हवी आहेत.

दाखल्याची भीती तर पुष्कळशी गैरसमजातून आलेली आहे. तीन वर्षांची अट २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली. त्यात वकिलीचा काळ तात्पुरत्या नोंदणीपासून, म्हणजे बारची परीक्षा देण्याआधी होणाऱ्या नोंदणीपासून, मोजायचा आहे. तिने बारची परीक्षा नंतर दिली असली तरी काळ वाया गेलेला नाही. दाखला त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचा चालतो, किंवा दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचा शेरा घेऊन. तो वकील म्हणजे तिचे हेच सिनिअर, असं कुठेही म्हटलेलं नाही. ऑफिस बदललं म्हणून मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही. आजपासून तिने एक करावं : जिथे ती उभी राहते तिथे वकीलपत्रावर स्वतःचं नाव आणि सही असावी, आणि रोजनाम्यात (केसच्या कोर्टातल्या रोजच्या नोंदीत) हजेरी लागलेल्या तारखा वेगळ्या वहीत लिहून ठेवाव्यात. जाहिरात निघेल तेव्हा त्यातली अट मात्र पुन्हा नीट वाचायची.

पैशांचं थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने, परिपत्रक काढून ज्युनिअरना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारसच, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी हा आकडा ऐकून सिनिअर हसतील, हे मलाही माहीत आहे. तरी नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी ‘महिन्याला किती आणि कोणत्या तारखेला’ हे विचारायला तिला त्याचा आधार आहे. ‘आम्ही फुकट शिकलो’ हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकतोय. अशा ऑफिसांत कोण टिकतं? ज्याच्या घरचं शेत किंवा पगार त्याला पोसू शकतो तो.

तेव्हा माझं मत : वकिली सोडू नये, हे ऑफिस सोडावं. रात्री दहापर्यंतचं काम मी एकवेळ समजू शकतो, साक्षीपुराव्याच्या आदल्या दिवशी ते होतंच. पक्षकारांसमोरचा पाणउतारा हा शिक्षणाचा भाग नव्हे. साताऱ्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयात चौकशी करा. गरीब आरोपींचा मोफत बचाव करणारं हे विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय. तिथलं सहायक लोकअभिरक्षकाचं पद नव्या वकिलांसाठीच आहे. ते कंत्राटी असतं आणि खाजगी केस घेता येत नाहीत, पण महिन्याचं मानधन ठरलेलं असतं आणि फौजदारी खटले रोज हाताखालून जातात. दुसरी वाट कोल्हापूरची. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं. साताऱ्यासह सहा जिल्ह्यांचं काम मुंबईऐवजी तिकडे जातं, त्यामुळे तिथल्या ऑफिसांना ज्युनिअर लागताहेत. मात्र जजची परीक्षा डोळ्यांसमोर असेल तर खालच्या कोर्टातला उलटतपास, निशाण्या (पुराव्याच्या कागदांना दिले जाणारे क्रमांक), युक्तिवाद हेच जास्त उपयोगी, म्हणून मी पहिली वाट आधी चाचपली असती.

निघताना भांडण नको. बार रूम एकच असते. हातातल्या फाईलींची यादी, प्रत्येकीची पुढची तारीख आणि काय बाकी आहे ते लिहून द्यावं, पोच घ्यावी आणि नमस्कार करून निघावं.

तुम्ही सिनिअरना फोन करू नका, मनात आलं असेल तरी. ‘आज काही मिळालं का?’ हेही संध्याकाळी विचारू नका. आणि हे पत्र तिला दाखवा. चिडेल, चिडू द्या. कोणत्या परीक्षेला कधी बसायचं, हे पुढच्या वेळी तिनेच लिहून विचारलेलं बरं.