नव्या क्रीडा-आरोग्य संकुलाचा नकाशा कसा वाचावा?

प्रश्न : आमच्या विद्यापीठात इनडोअर हॉल, जिम, आरोग्य केंद्र आणि करमणुकीच्या खोल्या एकाच नव्या इमारतीत येणार आहेत. नकाशा सूचनांसाठी लावलाय. समोर मोठी काचेची भिंत, आत कॅफे, दिसायला झकास आहे. मी वसतिगृहात राहते, बॅडमिंटन खेळते. बैठकीत नेमकं काय विचारू? – एक विद्यार्थी प्रतिनिधी

उत्तर : कॅफे राहू दे गं. दर्शनी चित्र भुलवण्यासाठीच काढलेलं असतं. तू इमारतीचा उभा छेद (इमारत वरून खाली कापल्यासारखी दाखवणारा नकाशा) माग आणि हॉलची उंची बघ. बास्केटबॉल, व्हॉलीबॉलला 7 मीटर मोकळी उंची नियमात बसते. पुष्कळदा तोच आकडा धरला जातो आणि हाल होतात बॅडमिंटनचे. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना 12 मीटर लागते. तेवढी मागू नकोस, पण 9 च्या खाली येऊ देऊ नकोस. आणि ही उंची पत्र्यापर्यंत मोजलीय की कैचीच्या (छप्पर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या) खालच्या कडेपर्यंत, तेही विचार. मी क्रीडा संचालक असताना संघ घेऊन एका हॉलमध्ये गेले होते. मान वर केली तर लोखंडी कैच्यांवर शटलं ओळीनं बसलेली, कबुतरांच्या पिसांत मिसळून. तिथली मुलं उंच टॉस मारायचंच सोडून बसली होती.

काचेची भिंत कोर्टाच्या टोकाला येतेय का? तसं असेल तर त्या उजेडात पांढरं शटल दिसायचं नाही. टोकाच्या भिंती गडद हिरव्या हव्यात, दिवे कोर्टाच्या डोक्यावर नको, दोन्ही बाजूंना हवेत. पंख्याच्या वाऱ्यानं शटल भरकटतं, म्हणून उंचावर झरोके आणि एक्झॉस्ट लागतात. जमीन लाकडी करणार असतील तर फळ्यांखालून हवा फिरते का आणि जोत्यातली ओल कशी अडवणार, हे खोदून खोदून विचार. पावसाळ्यात ओल धरली की फळ्या फुगतात, कडा वर येतात आणि पोरांचे घोटे मुरगळतात. मग तीन महिने हॉलला कुलूप.

बास्केटबॉलचं मैदान 28 बाय 15 मीटरचं. भोवतीची मोकळी जागा धरली तर तेवढ्यात बॅडमिंटनची तीन कोर्टं ऐसपैस बसतात. कबड्डीच्या मॅटचे तुकडे मात्र अंथरायचे, पुन्हा उचलायचे. त्यासाठी स्टोअर रूम हॉलला लागूनच हवी, दार चांगलं रुंद हवं. खर्चाला कात्री लागली की पहिली तीच गायब होते आणि 'व्हीआयपी कक्ष' मात्र शाबूत राहतो. (हे बैठकीत जरा हसून म्हण, पण म्हणच.)

आरोग्य केंद्र तळमजल्यावर, स्वतंत्र दाराचं, रुग्णवाहिका दाराशी येईल असं. रॅम्प एक फूट चढायला बारा फूट लांब, त्याहून तीव्र नको. समुपदेशकाचं दार जिमच्या रांगेसमोर काढलं असेल तर ते हलवायला लाव. आत जाताना वर्गातली चार पोरं बघणार असतील तर कोण जाईल?

आणि मुलींची राखीव वेळ. ती ऐन वर्गाच्या तासांच्या वेळेत ठेवायची आणि वर 'मुली येतच नाहीत' म्हणायचं, ही जुनी खोड आहे. संध्याकाळचीच वेळ माग. तुमच्या वसतिगृहाच्या हजेरीशी ती जुळते का, परतीच्या वाटेवर दिवे आहेत का, हे त्याच बैठकीत लिहून घे.

प्रश्न : आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, तरी शेजारच्या नव्या विद्यापीठ संकुलात पोहण्याचा तलाव धरलाय. हे योग्य आहे का? – एक पालक

उत्तर : हिशेब करा. 25 बाय साडेबारा मीटरचा तलाव सरासरी दीड मीटर खोल धरला तरी पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. ते रोज बदलत नाहीत, गाळून आणि क्लोरीन घालून पुन्हा वापरतात. पण उन्हानं उडालेलं आणि फिल्टर धुताना गेलेलं पाणी भरून काढावंच लागतं. तलाव बांधायला निधी मिळतो हो, फिल्टरच्या वीजबिलाला आणि जीवरक्षकांच्या पगाराला मिळत नाही. अर्थसंकल्पात या दोन खर्चांची दरवर्षीची तरतूद दाखवा म्हणावं. नसेल तर तोच पैसा कुस्तीकडे वळवावा, असं माझं स्पष्ट मत. तुमच्याकडची पोरं तालमीच्या मातीत घडतात आणि स्पर्धा मात्र मॅटवर. 12 बाय 12 मीटरची मॅट कायम अंथरलेली असली तर त्यांना ती हंगामभर वापरता येईल.