भीती दाखवलीस, आता वाटही दाखव

प्रिय,

मुलांनी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढू नये म्हणून केलेल्या तुझ्या पोस्टरचा मसुदा मिळाला. कवटी, धुराचा लोट आणि खाली 'व्हेप म्हणजे मृत्यू'. मेहनत दिसते, पण हे छापू नकोस. वर्गात कुणी व्हेप ओढत असेल, तर अकरावीतला मुलगा त्याला रोज धडधाकट बघतो. पोस्टर खोटं बोलतंय असं त्याला एकदा वाटलं, की खालचं खरं तो वाचत नाही.

आधी कोणासाठी लिहायचं ते ठरव. ज्यानं अजून हात लावलेला नाही आणि ज्याला सवय लागली आहे, त्या दोघांना एकच मजकूर चालत नाही. पहिल्याला नकार द्यायला शब्द हवेत, दुसऱ्याला सुटायची वाट. भीती दाखवून पुढे काय करायचं ते सांगितलं नाही, तर माणूस धोक्याकडे बघायचंच टाळतो. म्हणून धोक्याच्या प्रत्येक ओळीखाली करण्याजोगी एक गोष्ट लिही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे : 1800-11-2356. तलफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते, हेही लिही. तेवढा वेळ पाणी पिणं, चालणं, मित्राला फोन करणं त्याला जमतं.

'नुसती वाफ आहे' हा समज मोडण्यावर सर्वांत जास्त जागा खर्च कर. ती पाण्याची वाफ नसते. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन यांचे ते बारीक कण असतात. उपकरणातल्या तापणाऱ्या तारेतून धातूही त्यात उतरतात. बऱ्याच व्हेपमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात असतं; त्यानं घसा कमी खवखवतो, म्हणून नवख्यालाही जास्त निकोटिन सहज ओढता येतं. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते आणि त्या वयात सवय लवकर पक्की होते. मुलाला रोज जाणवेल असं मात्र हे आहे : तलफ आली की अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. 'तुझा दिवस कोण ठरवतं?' अशी ओळ कर्करोगाच्या चित्रापेक्षा त्याच्या जास्त जवळ जाईल.

'हल्ली सगळेच ओढतात' असं चुकूनही लिहू नकोस. न ओढणाऱ्याला आपणच मागे पडलो असं वाटतं. उपकरणाचं झगमगीत चित्र टाळ, ती फुकटची जाहिरात होते. आणि आपल्याकडची खास गोष्ट : 'गुटख्यापेक्षा वाईट' अशी तुलना नको. मूल टपरीवरच्या पुडीकडे वळलं, तर निकोटिन सुटलं कुठे?

कायद्याचं नीट लिही. 2019च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद केली. पहिल्या गुन्ह्यात विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही ओळ दुकानदाराच्या पत्रकात टाक. मुलांच्या पोस्टरवर 'ओढलास तर तुरुंग' घातलंस तर सवय लागलेला मुलगा ती लपवेल, मदत मागणार नाही. त्याला वेगळं सांग : हा माल चोरून येतो, वेष्टनावर लिहिलंय तेच आत आहे का, हे तपासणारं कोणी नाही.

भाषेकडेही बघ. आपल्या खानदेशातच अमळनेर-पारोळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली. एकच पुस्तकी मराठी सगळीकडे चिकटवू नकोस. 'धूम्रपानास नकार द्या' हे मित्रांच्या घोळक्यात कोणी बोलत नाही. 'माले नको भो' एवढं बोलून पोरगं पुढे निघून जातं. बोलीतली ओळ तिथल्या मुलांकडूनच लिहून घे.

मजकूर दहा-बारा शब्दांत बसव. भुसावळच्या बसस्टँडवर तीन मीटरवरून वाचायचं असेल, तर मुख्य अक्षर किमान अडीच सेंटिमीटर उंच ठेव. छपाईआधी सहा-आठ मुलांच्या गटाला पाच सेकंद दाखवून झाक आणि तीन प्रश्न विचार : काय सांगितलं? कोणासाठी आहे? आता काय करशील? शाळकरी आणि कॉलेजची मुलं वेगवेगळी बसव; मुलींचाही वेगळा गट घे. शिक्षकांना बाहेर ठेव, नाहीतर त्यांना आवडेल तेच उत्तर येईल. तिसऱ्या प्रश्नावर मुलं गप्प बसली, तर मसुदा पुन्हा लिही. हेल्पलाइनचा नंबर छापण्याआधी स्वतः फिरवून वेळ विचारून घे, मराठीतून बोलतात का तेही विचार, आणि ती वेळ नंबरशेजारीच छाप.